नवसाला पावलेली दाढ

आमच्या घरात दात दुखला की माणूस दवाखान्यात जायच्या आधी चार ठिकाणी जातो. आधी स्वयंपाकघरात लवंगेच्या डबीकडे, मग मेडिकलच्या दुकानात, मग ज्याचा दात जन्मात दुखला नाही अशा शेजाऱ्याकडे आणि शेवटी देवाकडे. एवढं करूनही दाताने ऐकलं नाही तर दातांच्या डॉक्टरची आठवण होते. तीही बहुधा शिव्या द्यायला कोणीतरी हवं म्हणून.

आमच्या ह्यांची दाढ याच रस्त्याने गेली. आमचं दुकान कारंज्याला, म्हणजे घाडग्यांच्या कारंज्याला, नागपूर-अमरावती हायवेला लागून आहे. दोरखंड, ताडपत्री, साखळ्या, कुलपं असा माल. ट्रकवाले थांबतात, शेतकरी येतात. हे गल्ल्यावर बसतात आणि माल मी काढून देते. म्हणजे बोलण्याचं खातं ह्यांच्याकडे आणि बाकीचं माझ्याकडे, अशी आमची सरळ वाटणी आहे.

ह्यांच्या डाव्या बाजूच्या दाढा केव्हाच गेल्या होत्या. त्या पडल्या नाहीत, ह्यांनी त्या हाकलल्या. एक दुखली की "काढून टाका, झंझट नको," आणि घरी आल्यावर "पाहा, कसं मोकळं वाटते." त्या मोकळ्या जागेत मग खर्रा ठेवायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ आमच्याकडे चहापेक्षा आधी विचारतात, आणि नाही म्हणणाऱ्या माणसाकडे घरात काही भांडण झालं असावं अशा नजरेने बघतात. तर चावायला राहिली होती उजवीकडची एकच जोडी, खालची एक दाढ आणि तिच्यासमोरची वरची. भाकर, मटण, शेंगदाणे, सगळं त्या जोडीवर चालू होतं. त्यातली खालची ठणकायला लागली तेव्हा मला पहिल्याच दिवशी कळलं होतं की ही गेली तर हा माणूस उरलेलं आयुष्य वरणभात खाऊन काढणार. त्यांना ते कळायला जरा वेळ लागला.

लवंग झाली, तुरटी झाली, मेडिकलमधल्या मुलाने दिलेल्या गोळ्या झाल्या. त्या गोळ्यांनी दोन दिवस बरं वाटलं. अशा गोळ्यांनी सूज दबते, आत कुजलेलं आहे ते तसंच राहतं, हे मला पुढे दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तोवर आम्ही त्या गोळ्यांची शिफारस अर्ध्या बाजाराला करून चुकलो होतो.

मग सासूबाईंना आष्टीच्या बाजारातला माणूस आठवला. हा माणूस दाढेतला किडा काढतो. निखाऱ्यावर रिंगणीच्या काटेरी झुडपाच्या बिया टाकतो, नळीने तो धूर दाढेला देतो, खाली पाण्याचं भांडं धरतो आणि त्या पाण्यात पांढरे बारीक किडे पडलेले दाखवतो. ह्यांनी ते किडे डोळे मोठे करून पाहिले. मीही पाहिले. उष्णतेने बी फुटली की तिच्यातून पांढरा कोंब बाहेर येतो, तेच ते किडे होते. मी तसं म्हटलं, तर तो माणूस म्हणाला, "बाई, किडा ज्याच्या दाढेत असते त्याले दिसते." दुसऱ्या दिवशी ह्यांचा गाल एवढा सुजला की गिऱ्हाईक ओळखेना. किडे बाहेर आल्यावर घर रिकामं झालं म्हणून दाढ रुसली असेल, असं मी म्हटलं. ह्यांना हसता येत नव्हतं आणि रागावताही येत नव्हतं. माझ्या लग्नाच्या आयुष्यातले ते फार शांततेचे दिवस होते.

माझी नणंद वर्ध्याला लागून बोरगाव मेघेत राहते. तिने वर्ध्यातल्या, तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे रूट कॅनल करून घेतलं होतं आणि ती पुन्हा ऊस खात होती. ती फोनवर म्हणाली, "दादाले घेऊन ये वं वहिनी, उद्याच्या उद्या." हे तयार नव्हते. त्यात नस काढतात म्हणे, ती नस वर डोळ्याला जाते, डोळ्याची मेंदूला जाते, आणि आर्वीकडच्या एका माणसाला त्यानंतर नीट दिसेनासं झालं. तो माणूस कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. असा एक माणूस प्रत्येक तालुक्यात असतो. त्याला कोणी पाहिलेलं नसतं, पण सगळे त्याचं ऐकतात.

निघायच्या दिवशी सकाळी सासूबाई गावाबाहेरच्या मारुतीपुढे उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "मारुतीराया, माह्या पोराची ठणक थांबव. तुह्या पारावर रोडग्याचा सैपाक करीन." रोडगे म्हणजे कणकेचे थरांचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, बुक्कीने फोडून त्यावर तूप सोडायचं, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. आत मऊ पापुद्रे असतात आणि वरचं कवच चांगलं टणक. दाढेच्या दुखण्यासाठी यापेक्षा अवघड नवस त्यांना सुचला नसता. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की आई, शिऱ्याचा बोला. पण मागून बस हॉर्न वाजवत होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. हे खुर्चीत बसले ते दोन्ही हातांनी खुर्ची धरून, कारंज्याच्या चढावर बसच्या टपावर बसल्यासारखे. पहिला प्रश्न हाच, "बाई, नस काढल्यावर डोये तर जाणार नाई ना?"

"काका, दाढेच्या आत एक जिवंत भाग असतो. तुमचा तो कुजलाय, म्हणून ठणका लागतो," त्या म्हणाल्या. "तो काढायचा, मुळांतल्या बारीक नळ्या साफ करायच्या, औषध ठेवायचं, आणि पुढच्या खेपेला नळ्या कायमच्या भरायच्या. डोळ्याचा आणि मेंदूचा यात काही संबंध नाही. दाढ काढायची नाही, वाचवायची आहे."

सुन्न करायचं इंजेक्शन घेताना ह्यांनी माझा हात असा दाबला की माझाच हात सुन्न झाला. पुढचं ऐका. ज्या रूट कॅनलच्या धाकाने हा माणूस गाल सुजवून कुढत होता, त्या रूट कॅनलच्या मध्येच तो झोपला. तोंड उघडं, डोळे मिटलेले, घोरण्याचा बारीक आवाज. कित्येक दिवसांनी ठणका थांबला होता, झोप येणारच. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चालू द्या, घरी असेच ऐकतात."

झाल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी शब्दन् शब्द लक्षात ठेवलं आहे, कारण त्यावरच पुढे सगळं अडलं. "काका, एक-दोन दिवस चावताना थोडं जाणवेल, मग दुखणं थांबेल. आणि दुखणं थांबलं की लोक पळतात, माझी खरी भीती तीच आहे. काम अर्धंच झालंय. वर भरलंय ते तात्पुरतं आहे. आठवड्याने या, नळ्या भरू, मग वर कॅप बसवू. ही दाढ आतून कोरलेली आहे. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने कडक काही चावायचं नाही. फुटली आणि चीर मुळापर्यंत गेली, तर मग मलाही काही करता येणार नाही."

"हाव, हाव," हे म्हणाले. कंपनीचा सेल्समन नव्या कुलपाची स्कीम सांगतो तेव्हा हे असंच हाव हाव करतात आणि तो पायरी उतरला की मला विचारतात, काय म्हणत होता तो?

दोन दिवसांत ठणका गेला. घरात एकच प्रश्न उरला, श्रेय कोणाला? सासूबाईंना शंकाच नव्हती. त्यांनी हाक मारली आणि दोन दिवसांत मारुती पावला. मध्ये वर्ध्याला जाऊन कोणीतरी दाढ कोरली, हा त्यांच्या मते प्रवासातला किरकोळ भाग होता. हे आईच्या बाजूला होते. कारण मारुती पुन्हा बोलावत नव्हता, आणि डॉक्टरीणबाई बोलावत होत्या.

आठवडा झाला. दुकानात गर्दी आहे. पुढचा आठवडा, कपाशी निघाली, ताडपत्रीचा टाइम आहे. दवाखान्यातल्या मुलीचा फोन आला की हे फार गोड बोलायचे, "येतो ना बापा, आमची दाढ आहे, आमाले काळजी नाई का?" आणि फोन ठेवला की खर्रा काढायचे. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण ज्याने केली तो आमच्याच घरी जेवून गेला असावा.

मी म्हणायची, "चला ना, एक दिवस दुकान बंद ठेवू."

"आता दुखून नाई राह्यलं तं जाचं कायले?"

"अर्धं काम राह्यलं आहे."

"अर्ध्यात बरं वाटते तं पुरं काऊन करू? ताडपत्रीले एक भोक आहे, तिथं थिगळ लागलं, पाणी थांबलं. आता पुरी ताडपत्री बदलू?"

दुकानदाराशी लग्न केलं की असले दाखले मिळतात. मी म्हटलं, थिगळ कच्चं आहे. ते म्हणाले, टिकून तर राह्यलं. कच्चं भरलेलंही काही दिवस टिकतंच हो, त्याचाच तर घात होतो. लगेच निखळून पडलं असतं तर हा माणूस घाबरून गेला असता. बेतानेच टिकलं आणि ह्यांचा विश्वास मात्र पक्का झाला.

शेवटी मी परस्पर फोन करून शनिवारची वेळ घेतली. ह्यांना सांगितलं, बसमध्ये बसवून नेईन. हे तोंड वाकडं करत का होईना, तयार झाले होते. आणि गुरुवारी सासूबाईंनी जाहीर केलं की रोडगे शनिवारी. शनिवार मारुतीचा वार, दुसऱ्या वारी चालत नाही.

"आई, शनिवारी दवाखाना आहे," मी म्हटलं. "रोडगे पुढच्या शनिवारी करू."

"देवाचं आधी. देवानं बरं केलं अन् त्यालेच थांबवाचं? कोपला म्हणजे?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. एक माणूस, एक दाढ, एक शनिवार. हे म्हणाले, "दवाखाना कुठं पयून चालला?" दवाखान्यातल्या मुलीला फोन मलाच करावा लागला. ती नुसतं बरं म्हणाली, आणि मला ते फार लागलं.

शनिवारी पारावर गोवऱ्या पेटल्या. रोडगे भाजायचे ते पुरुषांनी, अशी पद्धत. घरी पाण्याचा पेला हाताने न घेणारे सगळे त्या दिवशी आगीभोवती आचारी होऊन फिरत होते आणि मला वांगी कशी चिरावी ते सांगत होते. आमच्या घरची आणखी एक रीत आहे. ज्याच्यासाठी नवस बोलला, त्याने पहिला रोडगा स्वतः फोडायचा आणि कडेचा खरपूस तुकडा सगळ्यांसमोर खायचा. मग पंगत बसते. मी ह्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "आतले पापुद्रे खा. नाईतं तुपात भिजवून खा. त्या बाजूनं चावू नका, तुमाले हात जोडते."

"माह्याच नवसाचा रोडगा मी म्हाताऱ्यासारखा नरम करून खाऊ? लोक काय म्हणतीन?"

लोक काय म्हणतील ते लगेचच कळलं. ह्यांनी बुक्की मारली, रोडगा फुटला, सगळे वा वा म्हणाले. ह्यांनी कडेचा तुकडा तोंडात टाकला, उजव्या बाजूला नेला, दुसरी बाजू होतीच कुठे? आणि चावला. आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. लाकडाची ढलपी निघावी तसा, छोटासा. ह्यांचं तोंड थांबलं. डोळ्यांत पाणी आलं ते धुराचं नव्हतं.

"खडा आला," कोणीतरी म्हणालं. लगेच दहा माना माझ्याकडे वळल्या. गहू मी निवडला होता. सासूबाई म्हणाल्या, "नवसाचा गहू तरी नीट पाह्याचा होता वं." मला असा संताप आला की हातातली पळी वरणात तशीच सोडली. दाढ ह्यांची, हट्ट ह्यांचा, नवस आईंचा, आणि आरोपी मी. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार तरी कुठे करायची? मी पुढे गेले आणि ह्यांच्यापुढे हात धरला. ह्यांनी हातावर टाकला त्या चोथ्यात अर्धी दाढ होती, आणि तिला चिकटलेला तो पांढरा, कच्चा भराव. मी तो सगळ्यांना दाखवला. म्हटलं, "पाहा, हा खडा."

मग एक काका म्हणाले, "जाऊ द्या, मारुतीनं पीडा नेली." आणि पंगत बसली. वांग्याची भाजी फार छान झाली होती असं सगळ्यांनी सांगितलं. ह्यांनी ताक प्यायलं.

सोमवारी वर्ध्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, आम्हाला दाखवला. दाढ उभी चिरली होती, चीर थेट मुळापर्यंत. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "काका, काय खाल्लं?"

हे मान खाली घालून म्हणाले, "प्रसाद."

दाढ काढावी लागली. जी चार आठवड्यांपूर्वी वाचली होती, ती. नवी कृत्रिम दाढ बसवता येईल, त्यांनी समजावून सांगितलं. हे म्हणाले, पाहू. आमच्याकडे पाहू म्हणजे नाही, हे त्यांनाही एव्हाना कळलं असावं.

तेव्हापासून घरात दोन स्वयंपाक होतात. एक आमचा आणि एक ह्यांचा, म्हणजे मऊ भात, घोटलेलं वरण, दुधात कुस्करलेली भाकर. दाढ ह्यांची गेली आणि चुलीपुढचा वेळ माझा वाढला. दुकानात मात्र हे ज्याला त्याला सांगायचे, "रूट कॅनल करू नका राजेहो. माही चांगली दाढ त्याच्यानंच गेली." लोक माना हलवायचे. आर्वीकडच्या त्या न पाहिलेल्या माणसाला आता जोडीदार मिळाला होता, आणि हा तर रोज गल्ल्यावर दिसत होता. मला वाटायचं, उठून सांगावं खरं काय ते. पण गिऱ्हाइकासमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं, म्हणून मी गप्प कुलपं काढून द्यायची.

आमचं थोडं शेतही आहे, थंडीत तिथे भुईमुगाच्या शेंगा भाजल्या. ह्यांना त्या फार आवडतात. हे शेकोटीपाशी बसून एकेक शेंग फोडत होते आणि दाणे माझ्या हातावर ठेवत होते. स्वतः एकही खाल्ला नाही. मी म्हटलं, कुटून देऊ का? ते म्हणाले, "नाई. तू खा. मी वास घेतो." इतके दिवस मी त्यांना टोमणे मारले होते, पण त्या वेळी मला रडू आलं. असल्या हट्टी माणसाबद्दल वाईट वाटतं याचाही रागच आला.

त्यानंतर काही दिवसांनी बाजाराच्या दिवशी एक बाई दुकानात आली. भाजीपाला पिकवून बाजारात विकणारी, आमची जुनी गिऱ्हाईक. तिला बैलासाठी दोर हवा होता. पदर गालावर धरलेला पाहून ह्यांनी विचारलं, "काय झालं वं?"

"दाढ होती भाऊ. वर्ध्याले दाखवली. नस काढली एका बारीत. आता बरं आहे. पुन्हा बलावलं त्यायनं, पण दुखत नाई तं जाऊ कायले? सासूनं देवीचा नवस बोलला आहे, तो फेडतो पह्यले."

ह्यांनी घसा साफ केला. तोच पाठ सुरू होणार, हे मला कळलं. मी दोर तसाच ठेवला, काउंटरच्या पुढे आले आणि म्हटलं, "आ करा."

"काय?"

"तोंड उघडा. हिले दाखवा."

लग्नाच्या इतक्या वर्षांत मी गिऱ्हाइकासमोर ह्यांना असं कधी बोलले नव्हते. का कोण जाणे, ह्यांनी तोंड उघडलं. ती बाई वाकून पाहू लागली. डावीकडे काही नाही, उजवीकडे खाली काही नाही, वरची एक दाढ एकटीच लोंबते आहे, चावायला समोर कोणी नाही.

"यायचंबी दुखत नव्हतं," मी म्हटलं. "अर्धं सोडलं अन् रोडगा खाल्ला."

ह्यांनी तोंड मिटलं. मला वाटलं आता घरी गेल्यावर रामायण होणार. ह्यांनी दोर घेतला, मापला, गुंडाळी केली, गाठ मारली आणि तिच्या हातात देताना तिच्याकडे न बघता म्हणाले, "उद्या सकाळच्या वर्ध्याच्या गाडीत बसजो. कॅप बसवल्याबिगर सोडू नको."

"अन् नवस?"

"देवी थांबते," हे म्हणाले. मग गल्ल्याकडे वळत, "आमचा मारुतीबी थांबला असता."